पाण्यात उभे पीक का कोमेजते?

चार दिवस झड लागते आणि शेताच्या सखल कोपऱ्यात पाणी साचते. आठवड्याने पाहावे, तर नेमकी त्याच तुकड्यातली तूर पिवळी पडून माना टाकू लागलेली असते. पायाशी पाणी असताना पीक कोमेजते कसे? ‘जास्त पाण्याने मुळ्या सडल्या,’ असे आपण म्हणतो. पण सडण्याच्या आधी त्यांचा श्वास कोंडलेला असतो.

पाने उन्हात साखर तयार करतात आणि ती खाली मुळ्यांना पोचते. मुळीची प्रत्येक पेशी ग्लुकोज नावाची साखर फोडून शक्ती मिळवते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजच्या एका कणाचे दोन तुकडे होतात. त्याला प्राणवायू लागत नाही. पण हाती येतात शक्तीची अवघी २ नाणी. शास्त्रज्ञ या नाण्याला ‘एटीपी’ म्हणतात. पुढे प्राणवायू असेल तर हे तुकडे पूर्ण जळतात, कार्बन डायऑक्साइड वायू व पाणी उरते आणि एकूण सुमारे ३० नाणी मिळतात.

प्राणवायू नसेल तर काम पहिल्याच टप्प्यावर अडते. उरलेल्या तुकड्यांचे मुळीत मुख्यतः अल्कोहोल बनते, थोडे लॅक्टिक आम्लही होते. भरधाव पळणाऱ्या बैलाच्या स्नायूंतही प्राणवायू कमी पडला की हेच आम्ल तयार होते. बैल थांबून दम घेतो. मुळीला ती सोय नाही.

जमिनीतल्या पोकळ्यांत एरवी हवा खेळती असते. पाणी भरले की ती निघून जाते. प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून जवळजवळ दहा हजार पट सावकाश पसरतो. मग साखर भराभर संपते, शक्ती मात्र पुरत नाही. मुळी अन्नद्रव्ये ओढू शकत नाही, पाणीही नीट शोषत नाही. म्हणून पीक पाण्यात उभे राहून तहानेने सुकते.

मग भात कसा तगतो? त्याच्या खोडात व मुळ्यांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. त्यांतून वरची हवा खाली जाते. पण पूर्ण बुडाला तर भातही मरतो. भारतात २००९ साली आलेला ‘स्वर्णा सब-१’ हा वाण मात्र बुडाल्यावर वाढ थांबवून साखर जपतो आणि सुमारे दोन आठवडे टिकतो.

तुरीजवळ अशी युक्ती नाही. तिची काळजी आपणच घ्यायची. पावसाळ्यापूर्वी उताराकडे चर काढून ठेवावा. भारी जमिनीत रुंद वरंब्यावर पेरणी करावी. पाणी साचलेच तर ते आधी बाहेर काढावे. चिखलात कोळपे घालू नये, खतही टाकू नये. उपाशी मुळी ते घेणार कशी? वाफसा आला की मगच कोळपणी करावी.

वाफसा म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली जमीन. आपल्या वाडवडिलांनी हा शब्द उगीच जपला नाही.