अपघातानंतर विमा कंपनीची पहिली ऑफर : सही करण्याआधी हा हिशोब करा

कामठा (ता. गोंदिया) : पाय प्लास्टरमध्ये, रोवणी तोंडावर आणि दवाखान्याचं बिल उधारीवर. अशा वेळी धडक देणाऱ्या कारच्या विमा कंपनीचा माणूस 'लाखभर रुपये लवकर मिळतील' म्हणाला, की घरच्यांना तो देवासारखाच वाटतो. पण बिल भरून निघालं म्हणजे नुकसान भरून निघालं, असं नव्हे.

ऑफर येते कशी?
मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. कलम १४९ नुसार कंपनीचा अधिकारी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर तडजोडीची रक्कम सांगू शकतो. ती मान्य केली तर न्यायाधिकरण नोंद घेतं आणि नोंद मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला पैसे द्यावे लागतात. नाकारली तर दावा बुडत नाही; सुनावणीची तारीख लागते. मात्र एकदा संमती दिली की प्रकरण मिटलं. पुढे पायात रॉड टाकावा लागला तरी पुन्हा मागणी करणं फार कठीण. म्हणून घरी आणलेल्या कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पवर सही करू नये.

हिशोब काय?
समजा, ३४ वर्षांचा मजूर महिन्याला १०,००० रुपये कमावतो आणि दुखापतीमुळे त्याची कमावण्याची ताकद २० टक्क्यांनी घटली. वर्षाचं नुकसान २४,००० रुपये. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा (२००९) निकालानुसार या वयाला १६ चा गुणक लागतो. म्हणजे ३,८४,००० रुपये झाले. उपचार, बुडालेली मजुरी, वेदना आणि पुढच्या ऑपरेशनचा खर्च वेगळाच.

इथे प्रमाणपत्रावरचा अपंगत्वाचा टक्काच धरायचा असं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) प्रकरणात कोर्टाने सांगितलं, की डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचा रोजगारच जातो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. त्यामुळे धानाच्या बांधीत वाकून काम करणाऱ्याने आपलं काम नेमकं काय, ते पुराव्यासह मांडावं.

मग किती थांबायचं?
डॉक्टर उपचार संपले म्हणत नाहीत आणि कायमचं अपंगत्व राहील का ते कळत नाही, तोवर अंतिम रक्कम मान्य करण्याची घाई नको. पण दावाही लांबवू नये. कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. उपचार सुरू असतानाही दावा दाखल करता येतो. अपंगत्वाचा पुरावा नंतर देता येतो. अपघात बालाघाटकडे झाला असला, तरी कामठ्यात राहणाऱ्याला गोंदियात दावा करता येतो.

एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं आणि गाडीच्या विम्याची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ऑफरचा कागद आधी त्यांना दाखवा, सही नंतर.