मनोरुग्णालयाच्या आवारातले तंबू

१९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला, तेव्हा मानसिक आजारांच्या रकान्यात फारसे काही नव्हतेच. चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णालयांतल्या खाटा जेमतेम दहा हजार. इंग्लंडमध्ये साधारण ३०० माणसांमागे एक खाट होती, आपल्याकडे ४० हजारांमागे एक.

त्यातही उपचार कमी आणि कोंडून ठेवणे जास्त. १९१२ च्या ‘इंडियन लुनसी ॲक्ट’चा भर रुग्णाला दाखल कसे करायचे आणि ताब्यात कसे ठेवायचे यावर होता. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही महाराष्ट्रातली चार मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतलीच. ‘याला ठाण्याला न्या’ ही चेष्टा त्यांच्याच भिंतींमधून बाहेर आली.

खाटा नाहीत, डॉक्टर नाहीत. मग रुग्णांना सांभाळायचे कोणी? १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्या सागर यांनी याचे उत्तर फाटकाबाहेर शोधले. रुग्णाला सोडून निघून जाणाऱ्या नातेवाइकांना त्यांनी थांबवून घेतले आणि आवारात तंबू ठोकून दिले. आई, भाऊ, नवरा तिथेच राहत आणि रुग्णाचे खाणेपिणे पाहत. डॉक्टर त्यांच्याशी रोज बोलत. हा आजार आहे, करणी नव्हे, आणि तो पुन्हा डोके वर काढू लागला तर कसा ओळखायचा, हे समजावून सांगत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही रुग्णासोबत घरचे माणूस हवेच, अशी पद्धत ठेवली.

नेमक्या त्याच काळात क्लोरप्रोमाझिन आले. मेंदूतल्या डोपामिनचा संदेश अडवून भास आणि संशय आटोक्यात आणणाऱ्या या औषधामुळे घरी राहून उपचार घेणे शक्य झाले. गोळी रोज पोटात जाते की नाही, हे पाहण्याचे काम अर्थातच घरच्यांकडे आले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. भारतातले केंद्र होते आग्र्याचे. काही वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा श्रीमंत देशांपेक्षा भारत आणि नायजेरियातल्या रुग्णांची स्थिती बरी निघाली. एकत्र कुटुंब, शेतातले झेपेल तेवढे काम, घरच्यांची कमी टोचणी अशी कारणे पुढे आली. चंडीगडमधल्या पाहणीत लंडनच्या तुलनेत नातेवाइकांचा टीकेचा सूर खरोखरच सौम्य आढळला. मात्र पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षाच्या सरसकटपणावर बोट ठेवले आहे.

कुटुंबाची दुसरी बाजूही आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रमाला पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण मरण पावले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे पळता आले नाही. त्यांपैकी अनेकांना बरे होण्याच्या आशेने तिथे आणून सोडले होते ते घरच्यांनीच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात या दोन्ही अनुभवांचे पडसाद आहेत. त्याने साखळदंडांवर आणि भूल न देता विजेचे झटके देण्यावर बंदी घातली. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे, हे रुग्णाने स्वतः ठरवायचे. तो माणूस नात्यातलाच असला पाहिजे असे नाही. यामुळे कुटुंब बाजूला पडेल, अशी तक्रार अनेक मनोविकारतज्ज्ञांनी केली.

प्रत्यक्षात भार अजून कुटुंबावरच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळले. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच होते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची मदत मराठीतही मिळते, पण फोन ठेवल्यावर रुग्णाजवळ बसायला माणूस लागतोच.

आणि घर नसेल तर? केवळ घरचे घेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे याच कायद्याचे १९ वे कलम सांगते. अशांसाठी निवासाची सोय सरकारने करायची आहे. २०१९ मध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांची रवानगी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत होत असल्याचे समोर आले. सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवायला सांगितली. सरकार होते महाराष्ट्राचे.