आपण कोणत्या पक्षाचे?

निवडणूक लागली, भोंग्याच्या गाड्या वाड्या-वस्त्यांवर फिरू लागल्या, की पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. मोठी माणसं मग एक तर स्वतःचा पक्ष पोराच्या गळ्यात बांधतात, नाही तर ‘सगळे सारखेच’ म्हणून विषय मिटवतात. दुसरं उत्तर निष्पक्ष वाटतं खरं, पण त्यातून पोराला काहीच कळत नाही. त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं द्यावीत. अहिल्यानगरला त्यांचा तोटा नाही.

गैरसमज : पक्ष आडनावासारखा घरातून चालत येतो.

लोणीच्या विखे पाटलांचंच घ्या. बाळासाहेब विखे काँग्रेसचे. पुढे शिवसेनेत गेले, सेनेकडून वाजपेयींच्या मंत्रिमंडळात बसले आणि परत काँग्रेसमध्ये आले. मार्च 2019 मध्ये त्यांचे नातू सुजय भाजपमध्ये गेले, तेव्हा सुजय यांचे वडील राधाकृष्ण विखे विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. जूनमध्ये वडीलही भाजपच्या बाजूने मंत्री झाले. सुजय यांना 2024 मध्ये हरवणारे नीलेश लंके आधी पारनेरला शिवसेनेचं काम करत, मग राष्ट्रवादीचे आमदार झाले आणि लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले. त्याच वर्षी शिर्डीतून उद्धव ठाकरे यांच्या सेनेतर्फे निवडून आलेले भाऊसाहेब वाकचौरे मधल्या काळात काँग्रेस आणि भाजपमध्ये जाऊन आले होते.

ही नावं सांगताना एक पथ्य पाळावं. फक्त आपल्याला न आवडणाऱ्या पक्षातली नावं घेऊ नयेत, आणि आवाजात कुत्सितपणा नको. पोरं ते लगेच हेरतात.

‘मग हे चालतं का?’ असं पोरगं विचारणारच. त्यासाठी 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आहे. निवडून आल्यावर आमदार-खासदाराने आपण होऊन पक्ष सोडला, तर त्याचं पद जाऊ शकतं. राजीनामा देऊन नव्या चिन्हावर लोकांपुढे जायला मात्र आडकाठी नाही. गंमत म्हणजे मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांबद्दल अवाक्षर नव्हतं. ते या कायद्यासाठी केलेल्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलं.

गैरसमज : ज्याच्या जागा जास्त, त्याचीच सत्ता.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं. डिसेंबर 2018 मध्ये नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, महापालिकेची निवडणूक झाली. एकूण जागा 68, म्हणजे बहुमताला 35 हवेत. शिवसेना 24, राष्ट्रवादी 18, भाजप 14, काँग्रेस 5, बसप 4, उरलेले तीन इतर. महापौर कुणाचा? पोरं म्हणतील, सेनेचा. झाला भाजपचा, म्हणजे तिसऱ्या नंबरच्या पक्षाचा! राष्ट्रवादी आणि बसपच्या नगरसेवकांनी भाजपच्या उमेदवाराला मतं दिली. 14, 18 आणि 4 यांची बेरीज पोराला करू द्यावी. त्या वेळी राज्यात सेना-भाजप एकत्र सत्तेत होते आणि राष्ट्रवादी विरोधात. त्यामुळे पक्षादेश मोडल्याबद्दल राष्ट्रवादीने आपल्याच 18 नगरसेवकांवर कारवाई केली. आघाडी, बहुमत आणि पक्षादेश, तिन्ही गोष्टी या एकाच हिशेबात समजतात. हे बरोबर झालं की चूक, ते आपण सांगू नये. त्यावर पोरांना भांडू द्यावं.

गैरसमज : गावातलं पॅनेल म्हणजे पक्ष.

नव्हे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची होते. म्हणून एकाच पॅनेलमध्ये दोन पक्षांची माणसं खांद्याला खांदा लावून दिसतात. साखर कारखान्याच्या निवडणुकीतही तेच. आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात तर तीसेक वर्षं बिनविरोध कारभार चालला. 2021 मध्ये तिथे मतदान झालं, तेही पॅनेलमध्येच.

गैरसमज : चिन्ह पक्षाच्या मालकीचं असतं.

1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं आली. ती राखून ठेवणं, गोठवणं, वाटून देणं हे निवडणूक आयोगाचं काम. काँग्रेसची बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं, मग हात. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्यावर आयोगाने फेब्रुवारी 2023 मध्ये सेनेचा धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला, फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवार यांच्या गटाला. उद्धव ठाकरे यांच्या बाजूला मशाल आणि शरद पवारांच्या बाजूला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आजोबांना बैलजोडी आठवते आणि नातवाला तुतारी, यावरून घरात चांगल्या गप्पा होतात.

गैरसमज : राजकारण पोरांचा विषय नाही.

दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘राजकीय पक्ष’ हा अख्खा धडा आहे. पोरांनी काय करायचं नाही, तेही ठरलेलं आहे. प्रचारात मुलांना वापरू नका, असं निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये पक्षांना बजावलं. पत्रकं वाटणं, पोस्टर चिकटवणं, घोषणा देणं, रॅलीत फिरणं यांतलं काहीही त्यांच्याकडून करून घ्यायचं नाही. आई-बापाबरोबर पोरगं सभेला आलं, तर तेवढ्याने नियम मोडत नाही. तेव्हा सभेला खुशाल न्यावं, जमलं तर दोन्ही बाजूंच्या. हातात झेंडा मात्र कुणाचाच देऊ नये.