आडनाव काय?
लेखमाला ‘समुद्रापल्याडचे सोयरे’ : लेखांक ५

चाकणला खोली बघायला गेलेल्या पोराला घरमालक डिपॉझिट सांगतो, पाण्याची वेळ सांगतो आणि जिना उतरता उतरता अगदी सहज विचारतो, “आडनाव काय म्हणालात?” पोरानं ते आधी सांगितलेलंच नसतं. पवार, जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावं कितीतरी जातींत सापडतात, त्यामुळं तेवढ्यावर भागत नाही. मग गाव कुठलं, पाव्हणे कुठले, घरी देव कुठला. आमच्या राजगुरुनगरातून रोज कंपनीच्या बसनं शिफ्टला जाणाऱ्यांना ही प्रश्नपत्रिका तोंडपाठ आहे.

मागच्या लेखांकात आपण महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’पाशी थांबलो होतो. गुलामी मोडून काढणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं, ते १८७३ साली. आज नव्वद वर्षांची उडी मारू. १९६३ साली बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे, म्हणजे आपल्याच हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे. शीर्षककथेतला ‘मी’ रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात लपवून खोली मिळवतो. तो कवी आहे, बोलतो छान. माणसं त्याला मान देतात, जेवायला बोलावतात. त्याच ठिकाणी काशीनाथ नावाचा त्याच्याच जातीचा कामगार आहे. तो काही लपवत नाही आणि त्याची किंमत रोज मोजतो. शेवटी ‘मी’चं बिंग फुटतं, त्याला बेदम मारहाण होते, आणि मारातून सोडवायला धावतो तो काशीनाथच.

‘चोरली’ या शब्दापाशी मी दरवेळी अडखळतो. चोरतो आपण दुसऱ्याचं. स्वतःची जात कशी चोरायची? पण मराठीत आपण अंगही चोरतो. गर्दीत, साहेबासमोर, कुणाला धक्का लागू नये म्हणून आक्रसून उभे राहतो. बागुलांच्या शीर्षकात मला दोन्ही अर्थ ऐकू येतात, गुन्ह्याचाही आणि आक्रसण्याचाही.

अमेरिकेत याच अवस्थेला शब्द होता, ‘पासिंग’. उजळ रंगाच्या कृष्णवर्णीय माणसानं गोरा म्हणून खपून जाणं. १९२४ साली व्हर्जिनिया राज्यानं कायदाच केला : अंगात गोऱ्याव्यतिरिक्त रक्ताचा अंश निघाला, तर माणूस गोरा नव्हे. (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा अंश असणाऱ्यांना मात्र त्यात एक पळवाट ठेवली होती.) पाचच वर्षांनी, १९२९मध्ये, नेला लार्सन यांची ‘पासिंग’ ही कादंबरी आली. त्यांची आई डेन्मार्कची, गोरी, वडील कृष्णवर्णीय. कादंबरीतल्या क्लेअरचा नवरा गोरा आहे, काळ्यांचा मनापासून द्वेष करणारा, आणि बायकोबद्दल त्याला काही ठाऊक नाही. क्लेअरला राहवत नाही. ती पुन्हा पुन्हा हार्लेममध्ये, आपल्या माणसांत येत राहते आणि त्यातच तिचा घात होतो.

या दोन कथा जुळ्या आहेत असं म्हणायचा मोह होतो, पण त्या तशा नाहीत. तिथं डोळे पारख करतात, इथं जीभ. उजळ कातडी क्लेअरला निदान दारातून आत सोडते. आपल्याकडे रंग कुठलाही असो, जिन्यावरचा प्रश्न चुकत नाही. शिवाय क्लेअरला माघारी ओढणारी माया बागुलांच्या नायकापाशी मला दिसत नाही. त्याला परतायचं नाहीये. त्याला फक्त माणूस म्हणून खोली हवी आहे.

डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०३ सालीच ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये या ताणाला नाव दिलं होतं : दुहेरी जाणीव. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या, तुच्छ लेखणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत राहणं. मराठीत ही जाणीव सिद्धान्त म्हणून नव्हे, चक्क दोन पात्रं होऊन आली. १९७८च्या ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली हकीकत सांगतो आणि ऐकणारा असतो दया पवार. माणूस एकच. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा दगडू आणि मुंबईतला लेखक दया समोरासमोर बसलेले. (आमच्या गावालाही दोन नावं आहेत, बोलण्यात खेड आणि पाटीवर राजगुरुनगर. पण गावाला त्याचा काही त्रास होत नाही.) पवारांनी दु बॉइस वाचले होते की नाही, यानं मला फरक पडत नाही. दाब सारखा असेल तर चीर सारखी पडते.

‘बलुतं’वर बाहेरच्यांनी टीका केली, तशी घरच्यांनीही. शिकून पुढे गेलेल्या काहींना वाटलं, यानं आपली लक्तरं वेशीवर टांगली. १९८२ साली आलेल्या ॲलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’ला तिकडच्या कृष्णवर्णीय पुरुषांकडून हाच बोल लागला : घरातल्या मारझोडीची गोष्ट गोऱ्यांसमोर कशाला सांगितली? त्या भांडणात बायकांची बाजू काय होती, ते पुढच्या आठवड्यात. तेव्हा बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हाताशी असू द्या.