मशेरी हेही व्यसनच!

दवाखान्यात डॉक्टरांनी 'काही व्यसन?' असे विचारले, की बहुतेक महिला 'नाही' म्हणतात. 'मशेरी लावता का?' असा नेमका प्रश्न केला, तर उत्तर येते, 'ती काय, दात घासण्यापुरती.' पण दात घासणे दिवसातून चार-पाच वेळा होत असेल आणि एक वेळ चुकली तर डोके दुखत असेल, तर ते दात घासणे नव्हे. ती निकोटिनची तलफ आहे.

तंबाखू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिगारेट येते. महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करत होते. त्यात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर चघळणारे, मळून खाणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के होते.

मशेरी म्हणजे तव्यावर किंवा पत्र्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. पाने सुकवताना आणि मुरवताना तंबाखूत नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. भाजल्यामुळे त्यांत बेंझोपायरीनसारख्या द्रव्यांची भर पडते. हे सारे हिरड्यांवर चोळले जाते. तोंडाचे अस्तर पातळ असल्याने निकोटिन तेथूनच रक्तात उतरते. मळलेल्या तंबाखूत चुना असतो, त्यामुळे हे शोषण आणखी वाढते.

'मशेरीशिवाय पोट साफ होत नाही,' अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते आणि शरीराला त्याची सवय लागते. दातदुखी तात्पुरती कमी वाटते, पण कीड आत वाढतच राहते आणि हिरड्या दात सोडू लागतात.

गर्भवतींसाठी हा धोका दुहेरी आहे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी होते. मुंबईतील सुमारे १,२०० गर्भवतींचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी किंवा तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी आढळले. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही अधिक होत्या.

तोंडाच्या कर्करोगाबाबत एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. पोटातला किंवा फुप्फुसातला रोग दिसत नाही, तोंड मात्र आरशात दिसते. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात गालांची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग पाहा. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, गाठ, तिखट खाताना होणारी आग यांकडे दुर्लक्ष करू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. उभी धरलेली तीन बोटे तोंडात जात नसतील, तर तोंड आखडू लागले आहे; सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांत हे अधिक दिसते. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी मोफत होते. ती जरूर करून घ्या.

मशेरी सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता होते. पण ती टिकत नाही. तलफ आली की काही मिनिटे निभावून न्या. पाणी प्या, बडीशेप चघळा, हाताला काम द्या. सुपारी मात्र नको, कारण तीही कर्करोगकारक आहे. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात भाज्या व फळे ठेवा. एकटीने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. घरातल्यांनीही टोमणे न मारता साथ द्यावी. घरात मशेरी भाजणेच थांबले, तर सोडणाऱ्या आईचे निम्मे काम सोपे होते. आणि पाहून शिकणारी मुलगी त्या वाटेला जात नाही.