पायाची पारख

नवी वस्तू लोकांच्या हाती देताना तिचे यश कशाने मोजावे? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात हा प्रश्न कृत्रिम पायांनी उभा केला. बुटात बसविलेले परदेशी धर्तीचे पाय घेऊन गेलेले कित्येक रुग्ण पुन्हा कुबड्यांकडे वळत. तेव्हा किती पाय दिले, हा आकडा फसवाच होता. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी निराळ्या कसोट्या लावल्या: उकिडवे बसता येते काय? मांडी घालता येते काय? अनवाणी, शेतातल्या चिखलातून चालता येते काय? किंमत गरिबाला परवडते काय? त्यांतूनच १९६८च्या सुमारास रबराचा ‘जयपूर फूट’ साकारला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार लाभला. वाटलेल्या पायांपेक्षा चालते झालेले पाय मोजावेत, हेच खरे.