पक्षपाताचा आरोप आणि समीक्षेचा निकष

एखाद्या लेखकावर प्रतिकूल अभिप्राय प्रसिद्ध झाला, की त्याचे चाहते अभिप्रायाकडे पाहण्यापूर्वी अभिप्राय देणाराकडे पाहतात. हा गृहस्थ कोणत्या गोटातला, ह्याचे लेखकाशी जुने वैर आहे काय, ही चौकशी आधी होते. मजकूर मागाहून वाचला जातो. फडके-खांडेकर वादातही कलावाद व जीवनवाद ह्या तात्त्विक नावांखाली वाचकांची व्यक्तिनिष्ठा बरीच मिसळलेली होती.

परंतु पक्षपाताचे दोन प्रकार मानावे लागतात. एक, समीक्षकाचा आकस. दुसरा, निकषातच मुरलेला कल. पहिल्यावर उपाय सोपा आहे: समीक्षक बदलावा. दुसऱ्यावर तो चालत नाही, कारण नवा समीक्षकही तेच माप घेऊन येतो, आणि पुष्कळदा अत्यंत प्रामाणिकपणे येतो.

हा दुसरा आक्षेप मराठीत सर्वांत नेटाने मांडला तो दलित साहित्याच्या लेखक-वाचकांनी, आणि त्याचे एक प्रमुख केंद्र आपलेच शहर होते. 1950 साली स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, म्हणजे नागसेनवनात, म. ना. वानखडे व गंगाधर पानतावणे ह्यांच्या भोवती विद्यार्थ्यांची एक पिढी वाचू-लिहू लागली. तेथूनच 1967 साली ‘अस्मिता’ निघाले. पुढे त्याचेच ‘अस्मितादर्श’ झाले. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह त्यापूर्वीच, 1963 साली, आला होता. ह्या लेखनावर पुढे वारंवार आलेले शेरे परिचित आहेत: आक्रोश फार, भाषा शिवराळ, सूर प्रचारकी. वाचकांचा प्रतिप्रश्न असा, की संयम हा गुण कोणाच्या अनुभवावरून ठरला? ‘अस्मितादर्श’ने चिडलेल्या पत्रांवर भागवले नाही. त्याने लेखक-वाचक मेळावे भरविले, म्हणजे लेखकासमोर त्याचा वाचकच परीक्षक म्हणून बसविला. शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) ह्या ग्रंथात हाच प्रतिप्रश्न सिद्धान्ताच्या पातळीवर गेला आणि स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता ही मूल्ये सौंदर्यविचारात आली. ह्या मांडणीने कलाकृतीच्या घडणीचा प्रश्न सुटला, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. पण जुने माप सार्वत्रिक नाही, एवढे तिने निश्चित दाखविले.

येथे विजय तेंडुलकरांनी नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (1972) लिहिलेली प्रस्तावना आठवते. कवितांतील कित्येक शब्द आपणांस ठाऊक नाहीत हे त्यांनी लपविले नाही. ते कवीला विचारले, त्याच्यासमवेत ती वस्ती पाहिली आणि मग लिहिले. आपले अज्ञान आधी सांगणाऱ्या टीकाकारावर आकसाचा आरोप टिकणे कठीण.

मात्र ह्या आरोपाला दुसरी बाजूही आहे. बाहेरच्याची प्रत्येक नापसंती जातीय पूर्वग्रहातून आली असे धरून चालले, तर सामान्य कविता आणि श्रेष्ठ कविता एकाच ढालीआड उभ्या राहतात, व नुकसान श्रेष्ठ कवितेचेच होते. शिवाय हरकत नेहमी बाहेरूनच येते असेही नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे सर्वत्र कौतुक झाले. पण समाजातील काही सुशिक्षितांना मागे टाकलेले जिणे चव्हाट्यावर मांडलेले रुचले नाही. त्यांचा राग समीक्षकावर नव्हता, लेखकावर होता. आणि त्या रागाची मीमांसा आकस व निकष ह्या दोन कप्प्यांत पुरती बसत नाही.